प्रति-रफी

आपल्याकडे एक चातुर्मास असा आहे, जो कुठल्याच पंचांगात छापलेला नसतो. तो २७ जूनला बसतो, कारण १९३९ साली त्या दिवशी राहुल देव बर्मन, म्हणजे पंचमदा, जन्मले. मग येतो २२ जुलै, मुकेशचा वाढदिवस. ३१ जुलै हा रफीसाहेब गेले तो दिवस. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, किशोरकुमारची जयंती; त्यामुळे त्या आठवड्यात गावोगावच्या साउंडवाल्यांना धड झोप मिळत नाही. २७ ऑगस्टला पुन्हा मुकेश, या खेपेला पुण्यतिथीसाठी. १३ ऑक्टोबरला किशोरकुमारचं पुण्यस्मरण उरकलं की हा चातुर्मास सुटतो. खरा चातुर्मास देव झोपी जातात म्हणून पाळायचा. हा देव निघून गेले म्हणून. तिकडचे व्रतस्थ कांदा सोडतात, इकडचे मध्यंतरात कांदाभजीच्या रांगेत उभे असतात, एवढाच काय तो आचारातला फरक. बाकी निष्ठा तीच, पाऊसही तोच.

तर अशाच एका ३१ जुलैला आमच्या भागातल्या छोट्या सभागृहात ‘रफी : एक स्वरांजली’ होती. रफीसाहेबांच्या कार्यक्रमाचं नाव ‘स्वरांजली’ नसेल तर ‘यादें’ असतं, आणि दोन्ही नसेल तर तो कार्यक्रम रद्द झालेला असतो. पाऊस अर्थातच होता. १९८० साली रफीसाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हाही मुंबईत धो धो पाऊस होता आणि त्या पावसात हजारो माणसं रस्त्यावर उभी होती. दरवर्षी ३१ जुलैला भिजत सभागृहात शिरणारा प्रत्येक जण त्या अंत्ययात्रेत उशिरा का होईना सामील होत असावा, असं मला वाटतं. दारापाशी छत्र्यांचा ढीग पडला होता. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. परत जाताना आपली म्हणून दुसऱ्याची छत्री नेणं हा अशा संध्याकाळींचा अलिखित विनिमय आहे. ओल्या छत्र्या, गजरे, औषधी मलम आणि जुन्या खुर्च्यांचं रेक्झिन यांचा मिळून एक वास तयार होतो. तो अत्तराच्या दुकानात मिळाला, तर मी खात्रीने एक कुपी घेईन.

रंगमंचामागे मोठा फलक होता. उजवीकडे रफीसाहेब, ते जगप्रसिद्ध, जरा संकोचलेलं हसू घेऊन. डावीकडे तेवढ्याच आकाराचे प्रायोजक. त्यांच्या हसण्यात मात्र संकोचाचा लवलेश नव्हता. मग दीपप्रज्वलन झालं. समईतली वात आणि सभागृहातला पंखा यांचं वैर फार जुनं आहे. मान्यवरांनी मेणबत्ती पुढे नेली की पंखा ती विझवायचा. कुणीतरी ‘अरे, पंखा बंद करा’ म्हणालं की दिवे बंद व्हायचे. अखेर अंधारात ज्योत लागली आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. निवेदिका बाईंनी पहिलं वाक्य म्हटलं, त्यात ‘स्वर्गीय सूर’ होते. दुसऱ्या वाक्यात ‘अजरामर’ आलं. तिसऱ्यात एक शेर. आमच्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाजूच्या आजींना ‘अहो, गाणं कधी?’ असं इतक्या मोठ्यांदा विचारलं, की ते निवेदनाचाच भाग वाटलं.

आणि मग ते आले. नाव सांगत नाही, पण माणूस तुमच्या ओळखीचा आहे. सहकारी बँकेतून निवृत्त, पांढरा सफारी, खिशात घडी घातलेला रुमाल, स्टँडवर टॅब्लेट. पूर्वी तिथे वही असायची. मला त्या वह्यांचं फार आकर्षण होतं. प्लास्टिकचं वेष्टन घातलेली, देवनागरीत सुवाच्य अक्षरात उतरवलेली उर्दू. नुक्त्याच्या जागी लाल टिंब, श्वास घ्यायचा तिथे बाण, आणि कोपऱ्यात ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ अशा पट्टीच्या खुणा. एखाद्या पानावर पावसाचा थेंब पडून शाई पसरलेली असे आणि नेमका विरहाचाच शब्द भिजलेला असे. टॅब्लेटवर अक्षरं मोठी दिसतात, हे खरं; पण तो भिजत नाही.

रफीसाहेबांचं सोंग धरणं सोपं नाही. किशोरकुमार करणाऱ्याला उड्या माराव्या लागतात आणि मुकेश करणाऱ्याला डोळ्यांत थोडं आभाळ आणावं लागतं. पण ते दोन्ही सरावाने जमतं. रफीसाहेब करणाऱ्याला जवळजवळ काहीच करायचं नसतं, आणि तेच कठीण. सरळ उभं राहायचं, किंचित हसायचं आणि वरच्या पट्टीत चढताना कपाळावर आठी पडू द्यायची नाही. आमच्या या गृहस्थांनी पहिल्या गाण्यात वरचा षड्ज घेतला तेव्हा हसू तसंच राहिलं, आठीही पडली नाही. फक्त डाव्या पायाची टाच बुटातून अलगद वर आली. त्यांच्या आयुष्यभराच्या रियाजाचं सगळं ओझं त्या टाचेने उचललं होतं. मी त्यानंतर प्रत्येक वरच्या सुराला त्यांच्या गळ्याकडे पाहिलं नाही, टाचेकडे पाहिलं. ती एकदाही चुकली नाही.

अशा गायकांना जाणकार लोक ‘नक्कल’ म्हणून बाजूला सारतात. मला त्या शब्दाची भीती वाटत नाही, कारण या दुकानात सगळा माल तोच आहे. खुद्द रफीसाहेब अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंग या गावी लहान असताना गल्लीतून गात जाणाऱ्या एका फकिराच्या मागे मागे चालत आणि त्याचं गाणं तसंच्या तसं म्हणत. म्हणजे पहिली स्वरांजली त्यांनीच वाहिली होती. फलक नव्हता, प्रायोजक नव्हता आणि ज्याला वाहिली त्या फकिराचं नावही कुणी टिपून ठेवलं नाही. मुकेशने १९४५ साली ‘पहली नज़र’साठी गायलेलं गाणं इतकं सैगलसारखं होतं, की ते ऐकून सैगलच बुचकळ्यात पडले, अशी आख्यायिका आहे. किशोरकुमारनेही १९४८ च्या ‘ज़िद्दी’त आरंभ केला तो सैगलच्याच सावलीत उभं राहून. पुढे शब्बीरकुमार, मोहम्मद अझीझ हे रफींच्या वाटेने आले आणि कुमार सानू किशोरकुमारच्या. कुणी त्या सावलीतून बाहेर पडला आणि स्वतः झाड झाला. कुणी तिथेच बसून राहिला, कारण तिथे गार होतं. आमचे बँकवाले गृहस्थ तिथेच बसलेल्यांपैकी. त्या फकिरापासून निघालेलं काहीतरी लाहोर, मुंबई आणि एक सहकारी बँक असं करत करत आमच्या सभागृहापर्यंत पोचलं होतं, आणि आम्ही त्याचं तिकीट दीडशे रुपये दिलं होतं.

मध्यंतराच्या आधी त्या संध्याकाळचा सर्वांत उत्कट प्रसंग घडला आणि तो गायकाचा नव्हता. ‘यादों की बारात’मधलं (१९७३) आशाबाई आणि रफीसाहेबांचं ते द्वंद्वगीत लागायचं होतं. त्याच्या सुरुवातीला पेल्यावर चमचा वाजतो, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पंचमदांनी ‘पडोसन’मध्ये कंगवा घासला आणि ‘शोले’त बाटलीत फुंकर मारून घेतली, हेही. त्यामुळे अलीकडे वाद्यवृंदात एक माणूस केवळ अशा वस्तूंसाठी असतो. आमच्याकडचा तो मुलगा एरवी ऑक्टोपॅड वाजवतो. त्याने उपाहारगृहातून काचेचा पेला मागवला. पेल्यात पाणी होतं. साउंडवाल्याने माइक खाली आणला. मुलाने चमच्याने टिचकी मारली, कान तिरका केला आणि नकारार्थी मान हलवली. सूर उतरला होता. मग त्याने शांतपणे एक घोट पाणी प्यायलं. पुन्हा टिचकी. पुन्हा नकार. आणखी अर्धा घोट. सभागृह श्वास रोखून बसलं होतं. तिसऱ्या टिचकीला की-बोर्डवाल्याने मान डोलावली आणि पेला सुरात आला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गाणं सुरू व्हायला मिनिटभर वेळ लागला. तंबोरा जुळवणारे मी पाहिले आहेत, तबला ठोकून लावणारे पाहिले आहेत. पण तहानेने वाद्य जुळवणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

सोबतच्या गायिकेची गोष्ट आणखी निराळी. रफी करणाऱ्याला एकटा रफी पुरतो. तिला मात्र एका संध्याकाळी लताबाई व्हावं लागतं, आशाबाई व्हावं लागतं, गीता दत्त, शमशाद बेगम आणि ऐनवेळी फर्माइश आली तर हेमलताही. साडी एकच, आवाज पाच. तिने साठीच्या दशकातलं एक द्वंद्वगीत गायलं आणि ते संपताच आमच्या मागच्या रांगेत दोन काकांची जुंपली.

‘लताच आहे हो. पैज लावा.’

‘अहो, सुमनताई आहेत. त्या सुमारास लता आणि रफी एकत्र गातच नव्हते.’

दुसऱ्या काकांचं म्हणणं बरोबर होतं. रॉयल्टीच्या प्रश्नावरून त्या दोघांत अबोला झाला, आणि त्या काही वर्षांत रफीसाहेबांबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमन कल्याणपूर यांच्याकडे आली. ती इतकी गोड गायली गेली की लोकांनी ती लताबाईंच्याच खात्यावर जमा केली. ज्या बाईंनी कुणाचीही नक्कल केली नाही, देवाने दिलेल्या गळ्यानेच त्या गायल्या, त्यांना जन्मभर ‘अगदी लतासारखं’ हे कौतुक ऐकून घ्यावं लागलं. २०२३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका घरात हळूच पेढे वाटले गेले होते. आणि आता मंचावर एक तरुण मुलगी सुमनताईंचं गाणं लताबाईंचं समजून गात होती की सुमनताईंचंच समजून, हे तिला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. तिच्या स्वतःच्या आवाजाचा एक बारीकसा काठ शेवटच्या अंतऱ्यात क्षणभर उघडा पडला होता, पदर सरकावा तसा, आणि तिने तो लगेच सावरून घेतला. मला तो काठच आवडला होता.

मध्यंतरात भजी हातात घेऊन उभा असताना मन मागे गेलं. आमच्या लहानपणी ऑर्केस्ट्रा गणपतीत यायचा, आणि तो यायचा म्हणजे रस्ता बंद करून यायचा. दोन इमारतींच्या मध्ये फळ्यांचा मंच, मागे पडद्यावर रंगवलेला ताजमहाल, आणि इको इतका की गायकाने नमस्कार केला तरी तीनदा ऐकू यायचा. त्यांच्याकडे एक जण रफी, एक किशोर, एक मुकेश आणि एक बायकी आवाज काढणारा पुरुष असे ठरलेले असत. मुकेशला सगळ्यांत कमी पैसे मिळतात, असं आम्हां मुलांत बोललं जाई. त्याच्या सुरातल्या दुःखाचं तेच कारण असावं, असा आमचा पक्का समज होता. खुर्च्या पुढे, सतरंज्या त्यांच्या पुढे, आणि गॅलऱ्यांमधून आज्या. रफीची गाणी सुरू झाली की वरच्या मजल्यावरच्या एक आजी जप थांबवायच्या. माळ बोटांत तशीच धरून त्या कठड्याला टेकायच्या, आणि गाणं संपलं की थांबल्या त्याच मण्यापासून जप पुढे चालू व्हायचा. तो मंचावरचा रफी खरा नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांचा देवही फ्रेममधलाच होता.

महाराष्ट्राला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पंढरीला जाणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी ठिकठिकाणी प्रतिपंढरपूर आहे. पुण्याजवळ शिरगावला प्रतिशिर्डी आहे, केतकावळ्याला प्रतिबालाजी आहे, आणि तिथे गेलेला माणूस अर्धाच नमस्कार करून परत आला असं काही घडत नाही. वारीत तर माउली स्वतः चालत नाहीत, त्यांच्या पादुका पालखीतून चालतात. लाखो माणसं त्या पादुकांच्या मागे जातात आणि कुणी तक्रार करत नाही. गेलेल्याच्या जागी काहीतरी ठेवायचं आणि मग त्या काहीतरीला पूर्ण मान द्यायचा, ही आपली जुनी रीत. आणि खोलात शिरायचं तर रामायणाचं पहिलं गायन तरी कुणाचं? कुश-लवांनी रामाची कथा रामापुढेच गायली. १९५५ च्या १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण सुरू झालं, ते याच प्रसंगापासून. नायक समोर बसलेला, त्याचं चरित्र गाणारी पोरं, आणि ऐकताना नायकालाच आवरेनासं झालेलं. पुढे त्या छप्पन्न गीतांची स्वतःची अशी परंपरा झाली. बाबूजींच्या चालीत, बाबूजींच्या जागा जपत, ती आजही गावोगाव गायली जातात. रामाच्या स्वरांजलीची स्वरांजली. तिथे आम्हाला नक्कल हा शब्द आठवत नाही.

दुसऱ्या भागात श्रोत्यांनी कार्यक्रम ताब्यात घेतला. अशा सभागृहात असं होतंच. आमच्या डाव्या हाताचे गृहस्थ प्रत्येक ओळ गायकाच्या अर्धी मात्रा आधी म्हणत होते, अंगाई म्हणणारी आई बाळाच्या आधी पेंगते तसे. एक काकू व्हायोलिनचा तुकडा तोंडाने पूर्ण करायच्या, कारण मंचावर व्हायोलिन नव्हतं आणि की-बोर्डवाल्याला तो तुकडा घ्यायची आठवण राहिली नव्हती. मूळ गाण्यातला एक-एक ‘पीस’ या माणसांच्या अंगात मुरलेला होता. बिनाका गीतमालेच्या बुधवारांनी आणि विविध भारतीच्या दुपारींनी तो तिथे नेऊन ठेवला होता. मंचावरून येत होता तो फक्त इशारा. खरं गाणं खुर्च्यांमध्ये चाललं होतं, प्रत्येकाचं आपापलं, आपापल्या सालातलं. कुणाचं लग्नाआधीचं, कुणाचं नोकरी गेल्यानंतरचं. घरी तबकडी होती, आता मोबाइलवर तर रफीसाहेब स्वतः, अस्सल, चकटफू हजर आहेत. तरीही ही सगळी माणसं पावसात भिजत इथे येऊन एका निवृत्त बँकवाल्यासमोर बसली होती. अस्सल आवाज एकट्याने ऐकावा लागतो. त्याच्यासमोर टाळी वाजवता येत नाही, ‘वन्समोअर’ ओरडता येत नाही, आणि डोळे पुसताना शेजारचाही पुसतोय हे दिसत नाही. आमच्या या गृहस्थांनी आपला गळा दोन तासांसाठी उसना दिला होता, तो आम्हाला एकत्र बसता यावं म्हणून.

कार्यक्रमानंतर मी मंचामागे गेलो. ते रुमालाने मान पुसत होते आणि चहा गार होऊ देत होते. बोलले तेव्हा मी दचकलो: आवाज घोगरा, थोडा नाकातला, रफीसाहेबांशी दुरूनही नातं नसलेला. मी विचारलं, ‘कधी स्वतःच्या आवाजात गावंसं नाही वाटलं?’ ते हसले. या वेळचं हसू त्यांचं स्वतःचं होतं, एका बाजूला झुकलेलं. म्हणाले, ‘अहो, स्वतःचा आवाज छत्तीस वर्षं काउंटरवर वापरला की. संपला तो.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आज टाच दुखतेय.’ टाचेकडे आपल्याशिवाय कुणाचं लक्ष नव्हतं अशी त्यांची समजूत होती, आणि मी ती तशीच राहू दिली.

तर वाचकहो, तुमच्याही भागात असं एखादं सभागृह असेल आणि तिथे या चातुर्मासातल्या एखाद्या तारखेला कुणीतरी रफी, किशोर किंवा मुकेश होऊन उभा राहणार असेल. जा. ओळखीने पास मिळत असला तरी तिकीट काढून जा. पेल्यातून सूर काढणाऱ्या त्या मुलाला त्यातूनच पैसे मिळतात. मूळ गाण्यात तिथे सतार आहे हे तुम्हाला माहीत असलं, तरी मध्यंतरापर्यंत सांगू नका. आणि एक कृपा करा: शेवटचं गाणं सुरू झालं की गाडी काढायला उठू नका. तेवढ्या गाण्यासाठी त्यांनी वरचा षड्ज राखून ठेवलेला असतो.